रक्तात उतरलं!

नाही, पण मी म्हणतो, औषध लागू पडलं तर माणसाने रडायचं का? मी रडलो! तुम्हाला सांगतो, भर दवाखान्यात, दंडाला कापूस धरून, लहान पोरासारखा...

त्याचं असं झालं, एका झाडाच्या सालीत म्हणे सूज उतरवणारं काहीतरी आहे, पण ते पाण्यात विरघळायला तयार नाही, म्हणजे गोळी गिळा, ती पोटातून आतड्यात, आतड्यातून... पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. रक्तात उतरतच नाही हो! म्हणून दवाखान्यातल्या डॉक्टरांना चाचणीसाठी धडधाकट माणसं हवी होती, गोळी घ्यायची, दिवसभर पलंगावर पडायचं आणि थोड्या थोड्या वेळाने रक्त द्यायचं. मी गेलो. का गेलो? अहो, बायको गेल्यापासून घरात माझ्याशी बोलतो तो फक्त कुकर!

आणि तिथे? तिथे सिस्टर येते, मनगट धरते, "काका, चक्कर नाही ना येत? काका, मूठ आवळा. काका, घाबरू नका हं." काका, काका, काका! सख्ख्या पुतण्याने कधी मारल्या नसतील एवढ्या हाका! मला तर वाटलं, न्या सगळं रक्त, पण संध्याकाळ होऊ देऊ नका...

निकाल आला. डॉक्टरबाई तोंड पाडून म्हणतात, "सॉरी काका, रक्तात उतरतच नाही हो. पुन्हा यावं लागेल." मीही तोंड पाडलं, आतून मात्र उड्या! मनात त्या सालीला हात जोडले, बाई गं, अशीच हट्टी राहा!

पण डॉक्टरबाई तिच्याहून हट्टी! पुढच्या खेपेला तीच साल तेलाच्या बारीक, डोळ्यांना न दिसणाऱ्या थेंबांत विरघळवून आणली. "काका, आता तेलाचं बोट धरून जाईल ती." मी म्हटलं, छे, माझं रक्त मला माहीत आहे, रक्तात उतरतच नाही हो!

उतरलं! शेवटच्या तपासणीला गेलो तर बाई धावत आल्या, "काका, सगळ्यात जास्त तुमच्या रक्तात!" टाळ्या काय, हसणं काय... आणि सिस्टर माझा हात हातात घेऊन म्हणते, "सुटलात काका, आता यायला नको."

तिथे रडलो. त्यांना वाटलं, आनंदाश्रू! तेवढ्यात मुलाचा फोन, "बाबा, काय विशेष?" म्हटलं, "रक्तात उतरलं रे." "काय?" "काही नाही... जेवलास का?" तोवर ठेवलाही त्याने.

आता खालच्या मजल्यावर मलमाची चाचणी आहे म्हणे, पाठीला लावायचं. नाव देऊन आलोय. गुण येवो, न येवो... माझा स्वतःचा हात काही पाठीपर्यंत पोचत नाही.