बंब वळेल एवढी जागा

हॅलो?… हॅलो, ताई?… हो, हो, साइटवरच आहे… नाही, अजून भांडले नाही… अगं ऐक ना! भांडायलाच आले होते. आपल्या प्लॉटचा कोपरा रस्त्यात घेणार म्हटल्यावर गप्प कशी बसेन?… तेच ना, आईची खोली होणार तोच कोपरा!

पण इथे काय चाललंय, तुला कसं सांगू… नुसता मोकळा माळ. एक वीट नाही. आणि त्यावर पांढऱ्या फक्कीच्या रेघांनी अख्खी वसाहत आखलीये. रस्ते, फुटपाथ, वळणं… मी आपली सरळ चालत निघाले, तर इंजिनिअरबाई ओरडल्या, "अहो, कुणाच्या भिंतीतून चालताय!"… हसू नकोस! इथे सगळे फक्कीच्या रस्त्यानेच चालतात. आता मीही.

काय?… कोपरा कशाला? अगं, आपला रस्ता पुढे बंद ना? मग टोकाला एवढा गोल सोडायचा, की आगीचा बंब रिव्हर्स न घेता वळला पाहिजे. नवीन वसाहतीला नियमच आहे… मीही हेच म्हटलं! उचलली जीभ, लावली टाळ्याला. म्हटलं, बंब काय रोज येणारे? बाईंनी सरळ फोन केला आणि बंबच बोलावला!

हो, खराखुरा… लालभडक… आधी बिल्डरने आखलेल्या लहान गोलात घातला. पुढे, मागे, पुढे, मागे… चाक शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात! ड्रायव्हरकाका घामाघूम. बाई नुसत्या घड्याळाकडे बघतायत. मला कसंतरीच झालं गं. आपली आई तर व्हीलचेअरवर… हो ना…

हॅलो?… येतंय का ऐकू?… मग बाईंनी मोठा गोल आखला. हो, आपल्या कोपऱ्यातून. आणि एवढं मोठं धूड, ताई… आलं तसं वळलं! थांबलंसुद्धा नाही. अंगावर काटा आला माझ्या. आपण तहान लागल्यावर विहीर खणणारी माणसं… आणि इथे अजून घर नाही, दार नाही, तरी त्या दारापर्यंत मदत कशी पोचेल ते कुणीतरी मोजून ठेवलंय! मी आपली रस्ता म्हणजे नुसतं डांबर समजत होते.

नाही, रडत नाहीये… बरं, रडतेय.

खोली? होईल थोडी लहान… अगं, आईला विचारलं मी. गाडीत बसवून आणलंय ना तिला, तिने सगळं पाहिलं. म्हणाली, "माझं कपाट नको, पण गोल नीट येऊ दे."… हो, अगदी असंच म्हणाली.

थांब हं… काय गं आई?… आत्ता?… ताई, ती म्हणतेय, गाडीतून व्हीलचेअर काढ. तिलाही त्या गोलात वळून बघायचंय!… अगं, मी कोण अडवणारी! ड्रायव्हरकाकांनी बंब बाजूला घेतलाय. म्हणतायत, आधी आजींना जाऊ दे. ठेवते… ठेवते गं!