मस्कतच्या गाडीविरुद्ध अर्ज

...नाय, मला एक सांगा, तुमच्या घरचा माणूस मरून दहा दिवस झालेत, त्याच्या दहाव्याला निघायची वेळ झालीये, आणि शेजारचा बाबा सकाळी सकाळी बनियनवर उभा राहून गाडी पुसतोय... फडकं पिळून पिळून... तर तुम्ही काय कराल? मी काय केलं सांगतो. मी खिसा चाचपला. अर्ज माझ्या खिशात होता.

कसला अर्ज? त्या गाडीविरुद्धचा. सांगतो की, दमानं घ्या. मला दम नाय, तुम्ही तरी धरा.

तर हे काकासाहेब, आमचे शेजारी. वीस वर्षं मस्कतला गोदामात होते. तिकडून परत येताना लोक घड्याळं आणतेत, अत्तर आणतेत, ह्या माणसानं जहाजात घालून गाडी आणली. पांढरी, आणि लांब तर इतकी की गल्लीत वळवायची म्हणलं की आधी समोरच्या मुख्तारची रिक्षा बाहेर काढावी लागती. नंबर सगळा अरबी. आता तिकडची गाडी इकडं फक्त सहा महिने चालवता येती, मग एक तर परत धाडा, नाय तर सरकारात रीतसर कर भरून इथला नंबर घ्या. ह्यांचे सहा महिने संपून चार वर्षं झाली. विचारलं की म्हणणार, "प्रोसेस चालू हाय." चार वर्षांत गल्लीतली रांगणारी पोरं शाळेत जायला लागली, पण ह्यांची प्रोसेस काय उभी राहीना.

आणि स्टिअरिंग कुठं? डावीकडं. म्हणजे चालवणारा बसतो नालीच्या बाजूला. पुढं ट्रक आला की ह्यांना ट्रकचं बूड दिसतं, समोरून काय येतंय ते दिसत नाय. म्हणून उजव्या खुर्चीत डोळे बसवावे लागतेत. ते डोळे म्हणजे माझा दादा, बद्रीनाथ. शेंद्र्याला कंपनीत होता. पण रविवारी सकाळी सहाला काकासाहेबांनी एकदाच हॉर्न वाजवला की चहा अर्धा ठेवून पळायचा. खिडकीतून निम्मा बाहेर, उंटासारखी मान काढून, "थांबा... थांबा... टँकर हाय... हां, खाली हाय, निघा!" दौलताबादपर्यंत जायचं, किल्ला खालूनच बघायचा, पेरू घ्यायचे, परत यायचं. मला म्हणायचा, "सांडू, इमानात बसल्यासारखं वाटतं रे."

पोलिसांचं पण तसंच. पोलीस सवयीनं उजव्या खिडकीशी येतो. येऊन बघतो तर ड्रायव्हरच्या जागी दादा, हात मांडीवर, पुढं स्टिअरिंगच नाय. "लायसन काढ." "साहेब, मी तर नुसता बसलोय." पोलीस गडबडायचा. तो वळसा घालून पलीकडं जाईस्तोवर दादानं त्याचं गाव विचारून, आडनाव विचारून, मामाच्या सासुरवाडीतून काहीतरी नातं काढलेलं असायचं. एकानं पावती फाडायला घेतली, तर अरबी नंबर लिहिता येईना. चित्र काढल्यासारखा काढला बिचाऱ्यानं. मग कागद उलटा धरलाय का सुलटा तेच कळेना. दिलं सोडून.

तर हा माझा दादा... दुपारी दीडला छाती धरून खाली बसला. बत्तीस वर्षांचा. पोरी बघत होतो आम्ही त्याच्यासाठी. मी कुणाकडं पळणार? शेजारच्या दारात जहाजाएवढी गाडी उभी. म्हणलं, काकासाहेब, गाडी काढा. आणि हा माणूस, चावी हातात, तुम्हाला सांगतो, चावी हातात, म्हणतो, "सांडूबा, दुपारची वेळ हाय... नाक्यावर पोलीस असतेत... गाडी धरली तर पेशंट रस्त्यात अडकंल..."

मुख्तारनं रिक्षा काढली. रिक्षाच ती, एकेका खड्ड्यात उतरणार, चढणार. डॉक्टर म्हणले, वीस मिनिटं आधी आणायला पाहिजे होतं. वीस मिनिटं. मी शिकलेलो नाय, पण वीस मिनिटं किती लांब असतेत ते मला आता कळतं.

तिसऱ्या दिवशी राख सावडली आणि तसाच आरटीओच्या दारात गेलो. तिथं रामकिसन बसतो, लोकांचे अर्ज लिहून देतो. मी चौथीत शाळा सोडलेली, मला सही तेवढी येती. म्हणलं, लिही, ह्या गाडीनं माझ्या भावाला मारलं.

"ठोकर दिली का?"

"नाय."

"अंगावर घातली?"

"नाय. नुसती उभी राहिली."

त्यानं पेन खाली ठेवलं. "उभ्या गाडीवर गुन्हा होत नसतो, भाऊ."

मग सहा महिन्यांची मुदत संपल्याचं सांगितलं, तसा खुलला. "हां, हे बसतंय." लिहायला लागला, सदर वाहनामुळे शासनाचा महसूल बुडत असून... म्हणलं, ह्यात माझा भाऊ कुठंय? म्हणतो, "तो नाय बसत ह्यात. गाडी जप्त होईल ना? तेवढ्यावर भागव."

भागवलं. सही ठोकली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात द्यायला निघालो तर माय म्हणाली, सुतकात सरकारदरबारी जायचं नाय, दहावा होऊ दे. मुख्तारला दाखवला, तर तो म्हणतो, "दे दे अर्जी, सांडू. पर वो गाडी उठा लेंगे तो बद्रीभाई की सीट बी जाती ना यार." ह्याचं हे असं. पण अर्ज माझ्या खिशात होता.

दहाव्याला जायचं कायगाव टोक्याला, गोदावरीवर. मी जीप ठरवली होती. माय म्हणाली, "जीप नको. काकासाहेबांना सांगितलंय मी."

म्हणलं, "माय, ज्या माणसानं..."

"बद्रीला लई आवडायची ती गाडी. त्याचा दहावा हाय, तुझा नाय."

संपलं. मागं माय, मामा आणि पिंडाचं सामान. मला उरली उजवी खुर्ची. दादाचे पाय लांब, त्यानं ती मागं सरकवलेली. मी नाय पुढं घेतली.

वाळूजच्या पुढं उसाचा ट्रॅक्टर लागला. दोन ट्रॉल्या. काकासाहेब हळूच म्हणले, "बघ बरं, निघू का?" मी गप. रस्ता सगळा मोकळा, समोर कुत्रं सुद्धा नाय, पण मी गप. सूड म्हणतेत तो हाच, म्हणलं. बस ट्रॅक्टरच्या मागं. आमच्या बाजूनं जीपा गेल्या, एसट्या गेल्या, दुधाच्या किटल्या लावलेल्या लुनावरून म्हातारा गेला आणि जाताना वळून बघून गेला. एक तास. उसाचं पाचट उडून उडून मायच्या डोक्यावर. शेवटी मामा ओरडले, "अरे बोल की, भटजी निघून जाईल!" तरी मी गप.

तेव्हा काकासाहेब बोलले. समोर बघत, ट्रॅक्टरच्या बुडाला सांगितल्यासारखं. "त्या दिवशी तू गेल्यावर मी गाडी चालू केली होती रे. गेटपर्यंत आणली. उजव्या खुर्चीत बघितलं... कुणीच नव्हतं. ब्रेकवरचा पाय उचलंना माझा. पोलिसाचं मी उगं बोललो."

मला हे ऐकायचं नव्हतं. एखाद्याला मनात शिव्या द्यायच्या असल्या तर त्यानं गप बसावं का नाय? मी शिव्या शोधतोय आणि हा रडतोय, आणि रडता रडता ट्रॅक्टरच्या जास्तच जवळ चाललाय.

घाटावर मुंडण झालं. पिंड ठेवला. माझा बेत ठरलेला होता. कावळा शिवला नाय की पुढं व्हायचं आणि म्हणायचं, दादा, गाडी जप्त करतो, शब्द देतो. तर कावळा असा आला की जसा आधीच जेवायला बसला होता. पहिल्या झटक्यात शिवला. दादाची एक इच्छा उरली नाय. सगळ्या माझ्याकडं ठेवून गेला.

परत येताना नगर नाक्यावर पोलीस. शिट्टी. गाडी बाजूला. आणि पोलीस कुठं आला? माझ्या खिडकीशी. बघा म्हणजे, ऑफिसात जायची गरज नाय, रांग नाय, साहेब जेवायला गेलेत हे नाय. खाकी स्वतः चालत आली. दहावा झाला, मी मोकळा.

"कागद दाखव."

मी खिशात हात घातला आणि अर्ज काढून त्याच्यापुढं धरला. खरंच धरला, तुमची आण.

त्यानं कागदाकडं बघितलंच नाय. माझ्या डोक्याकडं बघितलं. ओलं, ताजं गुळगुळीत डोकं. मागं मायकडं बघितलं.

"कोण गेलं?"

"भाऊ. थोरला."

त्यानं माझाच हात धरला आणि अर्ज परत खिशाकडं सारला. "राहू दे, राहू दे. दहाव्याच्या माणसांचे कागद बघत नसतो आम्ही. जा. सावकाश जा."

म्हणजे बघा. दादा मेला, जळाला, त्याची राख नदीत गेली, आणि तरी काकासाहेबाची गाडी नाक्यातून त्यानंच काढून दिली. माझं डोकं वापरून.

पुढं टँकर होता. काकासाहेब त्याच्या मागं अडून माझ्याकडं बघत राहिले. गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. मी काय करणार? मान बाहेर काढली. मुंडण केलेल्या डोक्याला वारा कसा लागतो, ते लागल्यावरच कळतं.

"खाली हाय," म्हणलं. "निघा."

आता रविवारी सहाला हॉर्न वाजतो. एकदाच. मी चहा अर्धा ठेवत नाय, पूर्ण पितो, तेवढा राग मी ठेवलाय. मान आखडलीये, इकडं वळत नाय. आणि अर्ज? आहे की, खिशातच हाय. देणार हाय मी. पण उद्या कुणी खमका पोलीस भेटला, तर तो माझ्याच खिडकीशी येऊन कागद मागणार, आणि त्या अख्ख्या गाडीत खरा कागद तेवढा एकच हाय.