तळमजल्याचे पोकळ खांब

मी लो स्यू-छिन, वय ५७ वर्षे, धंदा नाष्ट्याची गाडी, राहणार शांतसागर इमारत, तिसरा मजला, ह्वालिएन. आज सकाळी स्वतःहून पोलीस ठाण्यात येऊन समक्ष सांगते की, वरील ठिकाणी मी एकटी राहते. दुसऱ्या मजल्यावर माझा धाकटा भाऊ लो वन-खाय हा बायको व दोन मुलींसह राहत होता. तो रहिवासी समितीचा अध्यक्ष आहे.

मागच्या भूकंपात आमच्या तळमजल्याचे खांब तडकले. सरकारी मदतीतून ते मजबूत करायचे ठरले. खांबाला चारी बाजूंनी पोलादी पत्रे बसवायचे आणि पत्रा व खांब यांच्या मधल्या जागेत सिमेंटचा माल भरायचा, असे ठेकेदाराने सभेत समजावले. कामावर देखरेख भावाने स्वतःकडे घेतली. काम चालू असताना सगळीकडे ताडपत्री होती व आम्हाला आत सोडत नसत. काम संपल्यावर रंग दिला, भूमिदेवाला फळे ठेवली, फटाके लावले. भाऊ सर्वांसमोर म्हणाला, "आता कितीही हलू दे, खुशाल झोपा."

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याने बायको-मुलींना ताइतुंगला सासुरवाडीस पाठवले. कारण विचारता, "सासूबाईंचा गुडघा धरलाय, सोबत हवी," असे म्हणाला. मुलींना न्यायला सासूबाई स्वतः आल्या होत्या. दोघींची दप्तरे खांद्याला लावून त्याच जिना उतरल्या. आमच्या वारलेल्या आईवडिलांच्या नावाची देव्हाऱ्यातली पूजेची पाटीही भावाने त्यांच्या मोटारीत ठेवली. गुडघ्यासाठी पाटी कशाला, हे मी तेव्हा विचारले नाही.

माझी गाडी मी तळमजल्यावरच लावते. एकदा गाडी मागे घेताना दांडा खांबावर आपटला आणि रिकाम्या डब्यासारखा आवाज आला. माल ओतण्याच्या भोकाला रबरी बूच होते. ते काढून मी तळणीची लांब काडी आत घातली. ती मुठीपर्यंत गेली. आणखी तीन खांबांना तसेच करून पाहिले, तिथेही काडी तशीच आत गेली.

मी भावाला गाठले. तो म्हणाला, "ताई, तू आपलं पीठ मळ. खांबातलं तुला काय कळतं?"

मी म्हणाले, "कळत नाही म्हणूनच विचारते. काडी आत गेली कशी?"

"एखाद्या ठिकाणी माल कमी पडला असेल."

"मी चार खांब बघितले, वन-खाय."

त्यावर तो म्हणाला, "कोणाला बोललीस?" तेच त्याने दोनदा विचारले. दुसऱ्या दिवशी सगळी भोके वेल्डिंग करून बंद केलेली दिसली. तो स्वतः त्याच घरात राहतो असे सांगतो. परंतु त्याच्या बाल्कनीत तेव्हापासून कपडे वाळत घातलेले मी पाहिलेले नाहीत. ठेकेदाराचे व त्याचे काय ठरले, हे मला माहीत नाही.

(जबाब चालू असताना भूकंपाचा धक्का जाणवल्याने जबाब देणार व लिहून घेणार दोघेही ठाण्याच्या आवारात गेले. धक्का थांबल्यावर जबाब पुढे सुरू केला.)

आवारात असताना मला भावाचा फोन आला. तुमच्या हवालदारांनीही तो ऐकला. तो ओरडून विचारत होता, "ताई, कुठे आहेस तू? घरात नाहीस ना? बिल्डिंगच्या बाहेर आहेस ना?" मी म्हणाले, "मी बाहेर आहे. वरच्या मजल्यांवरची माणसं आत आहेत. त्यांना फोन केलास का?" त्याने फोन ठेवला.

इमारत अजून उभी आहे असे मला आताच कळले. माझी तक्रार भावाविरुद्ध आहे, हे मी समजून-उमजून सांगते. लहानपणी मीच त्याला सांभाळले, हे लिहायची गरज नाही असे साहेबांनी सांगितले. पुढचे काय ते नंतर करा, आधी रहिवाशांना बाहेर काढा, एवढी माझी विनंती आहे.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून ऐकवला. मी सांगितले तसाच तो उतरला आहे, म्हणून खाली सही करते.

लो स्यू-छिन