सतीशकडे ठेवलेली बाटली

सतीशचं नाव काढू नका माझ्यासमोर, चहा कडू लागतो मला.

आमचा कोथरूडमधला वाइनचा कट्टा तुम्हाला माहीत आहेच. महिन्यातून एकदा जमायचं आणि प्रत्येकानं नुकत्याच प्यायलेल्या बाटलीविषयी बोलायचं. श्रावणात मी पीत नाही आणि आई घरात बाटली ठेवू देत नाही. म्हणून लेकीनं पहिल्या पगारातून माझ्यासाठी आणलेली बाटली मी महिनाभर सतीशच्या घरी नेऊन ठेवली. लेबलवर तिनं मार्करनं मोठ्ठं 'बाबा' लिहिलं होतं.

श्रावण संपला, कट्टा भरला. सतीशची पाळी आली, तर साहेब डोळे मिटून सुरू झाले. "आधी पिकल्या जांभळाचा वास येतो. मग जिभेवर मिरीचा हलका चटका."

"वा! कुठली रे?" हे विचारणारा मूर्ख मीच.

त्यानं मोबाइलवर फोटो दाखवला. लेबलवर 'बाबा'.

"अरे, ही माझी बाटली!"

"हो, तुझीच. अचानक पाहुणे आले. आणि तुझा तर श्रावण होता."

माझं डोकं तापलं. मी मोबाइल हिसकावून तो फोटो डोळ्यांजवळ धरला. त्याला वाटलं, मला बाटलीविषयी आणखी ऐकायचंय. अगदी जाणकारासारखी मान हलवून म्हणतो कसा, "पण खरं सांगू का? जरा तुरटच होती. अजून काही दिवस ठेवायला हवी होती."

"अरे गाढवा," मी ओरडलो, "ठेवायलाच दिली होती!"