भोपळ्याचा पहिला काप

काचीगुड्याच्या बसथांब्यावर सत्यवतीकाकू मांडीवर अख्खा लाल भोपळा घेऊन बसल्या होत्या. शेजारच्या रेणूनं विचारलं,

“काकू, भोपळ्याला कुठं नेताय?”

“बरकतपुऱ्याला, भावाकडं. पहिला काप पुरुषानं द्यायचा असतो. मग घरी आणून मी भाजी करीन.”

“एका कापासाठी बस?”

“हौ. मंगळवारी भाऊ घरी नव्हता. भोपळा नुसताच फिरून आला.”

“काका होते तोवर बरं होतं.”

“कसलं बरं? एक वाकडा काप द्यायचे नि जेवताना म्हणायचे, आजची भाजी मी केली. चाळीस वर्षं हेच.”

“मग आता तुम्हीच कापा की. घरात कोण बघतंय?”

“तेच तर, रेणू. कोण बघतंय.”