भाचीच्या मापाचा कॉस्च्युम

– नाई, नाई, मले नाई पाह्यजे बापा, माह्या भाचीले पाह्यजे. दामिनी नाव हाय तिचं. तो कूलर जरा बंद कर, त्याच्या आवाजात मोठ्यानं बोलाव लागते, आन् मोठ्यानं बोलण्यासारखं हे सामान नाई. हां. असं. तं पोहाचा ड्रेस पाह्यजे – काय म्हणता तुमी त्याले – कॉस्च्युम. बाईमाणसाचा. भाची अंगानं माह्यासारखीच हाय, म्हणजे अशी – आता तू माह्याकडं पाहशीन तवाच तं माप समजन ना गा, पंख्याकडं पाहून काय समजते? दुकान तुहं आन् लाजून तूच राहिला. मदतीले कोणी बाई नाई ठेवली? नाई? नवीनच हाय म्हणा दुकान. समोर कार्पोरेशनचं एवढं मोठं क्रीडा संकुल झालं, तं तू बी बरोबर गेटासमोर शटर उघडलं. हुशार हाय. पण पाय, टोप्या समोर, चष्मे समोर, रॅकेटा दारात टांगल्या, आन् बायाइचे कॉस्च्युम पार वरच्या फळीवर, खोक्यात. म्हणजे तुले बी लाज आन् गिऱ्हाइकाले बी लाज, धंदा कसा होईन बेटा? – आता हसला काहून तू? हसला, मी पाह्यलं. भाची म्हणली तं हसला. लोकाइले भाच्या नाई राहत का?

हा नोको. हा तं हातरुमालाएवढा हाय. पूर्ण अंगाचा दाखव, गुडघ्यापावेतो येते तो, बाह्या लांब असलेला. तसा असते, मले माहीत हाय, मी पाह्यला जाळीतून – म्हणजे भाचीनं सांगितलं. साडी नाई चालत म्हणे पाण्यात, सलवार बी नाई चालत, गेटावर पाटीच लावली हाय. बरोबर हाय त्याइचं, सुती कपड्याचा धागा निघते, पाणी गाळाच्या मशिनीत जाऊन बसते. आन् तिले तं घ्यावाच लागन, धंतोलीच्या डाक्टरनं सांगितलं हाय. दोन्ही गुडघे दाबून पाह्यले आन् म्हणे, बाई, चालणं कमी करा, पाण्यात व्यायाम करा, पाण्यात वजन पडत नाई गुडघ्यावर. घरच्याइले काई बोलली नाई मी. – कोणाचे गुडघे? भाचीचे. भाचीचेच गा. आता भाची बी काई कवळी नाई राह्यली, साठीले टेकली – नाई म्हणजे, माही मोठी बहीण माह्याहून लयच मोठी होती. तू हिशोब नोको लावू, तू खोका काढ.

तू तवा इकडं नव्हता. समोर सारं पडीत मैदान होतं – गाजरगवत, डुकरं, आन् एका कोपऱ्यात नवरात्रात आमची देवी बसे. मंग कार्पोरेशनची माणसं नकाशा घेऊन आली. समाजभवनात सभा बोलावली, लोकाइच्या हरकती ऐकाले. इंजिनियर भला माणूस, पडद्यावर एकेक दाखवून राह्यला – हा चालाचा ट्रॅक, हा बॅडमिंटनचा हॉल, ह्या व्यायामाच्या मशिनी, आन् हा स्विमिंग पूल. ट्रॅकले कोणी काई नाई म्हणलं. पूल आला आन् एक बाई उठली. होती एक, महिला मंडळाची अध्यक्ष, जोराची बाई, बोलाले लागली तं माइक नाई लागे तिले. म्हणे, पूल कशाले पाह्यजे, त्या जागी बायाइले हॉल द्या, हळदीकुंकू होईन, भजन होईन. इंजिनियर म्हणे, मॅडम, पूल बायाइसाठी बी हाय, सकाळी लेडीज बॅच ठेवू. तं ते बाई सभेकडं वळली आन् म्हणे, इथं कोण्या बाईले पोहाचं हाय? हात वर करा. हॉल भरला होता बायाइनं, एकीनं नाई केला. सारे हसले. माहा हात मातर गेलाच होता वर, आपोआप, खांद्यापावेतो – मंग त्याच हातानं पदर सारखा केला मी – तिनं. तिनं म्हणते मी. त्या बाईनं.

तरी बरं, कार्पोरेशननं तिचं ऐकलं नाई. ऐकलं असतं तं तू आता भजनाच्या हॉलासमोर टाळ विकत बसला असता. – हास, हास. चांगलंच झालं ना संकुल. नाई कोण म्हणते? ट्रॅकवर मी रोज येते. आमच्या घरचे बी येतात. हिंगण्याच्या कंपनीतून रिटायर झाले, आता व्यायामाच्या मशिनीवर बसून पेपर वाचतात, दुसरा माणूस उभाच राहते बिचारा वाट पाहत. तू पाह्यलं असशीन, पांढरी टोपी, बुटात मोजे नाई. ते इकडं आले तं मी क्रिकेटच्या बॅटा पाहून राहिली, समजलं? कोणासाठी? नातवासाठी. नातू दीड वर्षाचा हाय, तं काय झालं, वाढन ना तो.

हा कसा हाय पाहू. कपडा चांगला हाय. वढून पाहू का? – तनते बापा. लयच तनते. आमच्या काळी असं काई नव्हतं. परकर वर खोचला, वेणीचा आंबाडा घातला आन् धपकन उडी. माहं माहेर भंडाऱ्याकडचं, गावाले तलाव, मोठा, ह्या काठावरून त्या काठावरचा माणूस वळखू येत नाई एवढा. त्याच्यात शिंगाडे. शिंगाड्याची वेल पाण्याखाली जाळ्यासारखी पसरते, नवीन पोरगी उतरली तं पाय अडकते आन् भेऊन ते अजून झटके मारते, अजून गुंतते. माह्या मोठ्या बहिणीनं मले शिकवलं – पाय अडकला तं काईच नाई कराचं. पाठीवर पडाचं, आभाळाकडं पाहाचं, वेल आपोआप ढिली होते. मी पार त्या काठापावेतो जात होती. एकदा काय झालं, माहे बाबा काठावर आले पाहुण्याले घेऊन, पोरगी दाखवाले आणला होता पाहुणा, आन् पोरगी तलावाच्या मधात. बाबाइनं पाहुण्याले सरळ वळवून घरी नेलं. म्हणे, ते तिकडं म्हशी हायेत. – लगन झालं का तुहं? नाई? मंग पोरगी पाहाले गेला तं हे जरूर विचारजो. मले कोणी विचारलंच नाई. सासरी नळ होता.

आमच्या घरचे तं समजतात मी पाण्याले भेते. रामटेकले गेलो नवीन लगनात, तिथं तलावाच्या पायऱ्यावर ह्याइनं माहा हात गच्च धरला, पुढं जाऊ नोको म्हणे, खोल हाय. सोताले गुडघाभर पाण्यात घाम फुटते, आन् मले धरून राह्यले. मी म्हणलं, जाऊ दे. हात धरला तं धरू दे. तवापासून कुठी बी पाणी दिसलं की हे माहा हात धरतात. आता ह्या वयात काय सांगू त्याइले – सोडा, मी म्हैस हाय म्हणून?

– हो. माह्यासाठीच हाय. आता समजलंच हाय तुले तं असा पाहू नोको. भाची नाई मले. तीन भाचे हायेत.

बस जरा. नाई, पाणी नोको. सांगते तुले, मनात घेऊन बसली ना मी कवाची. मागच्या महिन्यात पूल भरला त्याइनं. मी ट्रॅकवरून चालून राहिली होती, आन् वास आला. औषधाचा वास हाय तो, माहीत हाय मले, तलावाचा नाई. पण माह्या पायाले कुठी समजते ते? बोटं आपोआप वाकली चपलेत. जाळीपाशी उभी राह्यली मी, मांगून सारे चालणारे म्हणून राह्यले, काकू, सरका, काकू, सरका. तवापासून रोज उभी राहते. तिथं कोच हाय ते गुंजन, आमच्याच लायनीतल्या वामनरावाची पोरगी, तिनं मले पाह्यलं असन. काल घरी आली. म्हणे, काकू, लेडीज बॅचमधी बायाच नाई येऊन राहिल्या. उद्या संध्याकाळपावेतो नावं पुरी नाई झाली तं तो टाइम पोट्ट्याइच्या सरावाले देऊन टाकतीन, मंग वर्षभर काई बोलता येत नाई. तुमी सांगितलं मंडळात तं येतीन बाया. मी काय म्हणलं असन? मी म्हणलं, पाय गुंजन, मी तं सभेतच सांगितलं होतं, कोण्याच बाईले पोहाचं नाई इथं. पोरगी उठलीच. चहा बी नाई घेतला. फाटक लावून गेली, हळूच.

रात्रभर झोप नाई मले. माहं एक नाव दिलं तं एक नाव वाढन, पण बॅच एका बाईवर थोडीच चालते? आन् नाव दिलं तं लोक काय म्हणतीन – भर सभेत बायाइले हसवलं आन् आता सोताच कॉस्च्युम घालून उतरली. बॅच बी नाई होणार आन् हासं बी होणार. तरी दुपारी मेथी आणाले निघाली तं पाय इकडंच वळले. हे पाय, पिशवी. मेथीच्या खाली लपवून नेईन म्हणलं. बरं, हा मापानं मोठा हाय का? नाई, हा तं लहान हाय. ह्याच्याहून मोठा, काळा नाई तं निळा. – संपला? असा कसा संपला? तिथं पोहाले येतात त्या पोट्ट्या शेवग्याच्या शेंगेसारख्या, त्याइच्यात मोठं माप कोण घेते? – काहून खाली पाहून राहिला? सांग ना. कोणी नेले?

भाचीसाठी?

थांब, थांब. कोणाच्या भाचीसाठी? नाव नोको सांगू, तुले सांगू नोको म्हणलं असन तं नोको सांगू. तू नुसती मान हालव. घोगरा आवाज, नाकात मोठी फुली, भाव करताना हात जोडते? – बायजाबाई. आमच्या भजनातली बायजाबाई. आन् कोण? ठेंगणी, चष्मा दोऱ्यानं बांधलेला? अंजनाबाई बी? ते काय म्हणली, सुनेसाठी? तिची सून पुण्याले राहते, दोन हातात मावन एवढी हाय ते. अजून? – सारे मोठ्या मापाचे त्याइनंच नेले? म्हणून तू हसला होता. म्हणजे माह्या आधी एवढ्या भाच्या येऊन गेल्या आन् तू कोणाले एका शब्दानं बोलला नाई. चांगला पोरगा हाय. पण मंग त्याइनं नावं काहून नाई दिली गुंजनकडं? कॉस्च्युम का लोणच्यासाठी नेले?

काय? मोठ्यानं बोल. कोणाले समजू देऊ नोको म्हणल्या?

शोभाताईले.

सगळ्याच? बायजाबाई बी? – काय शब्द होते तिचे, बरोबर सांग. राग नाई येत मले. "शोभाताईले समजलं तं भजनात बसू नाई देणार." असं म्हणली? असं. – मी कधी कोणाले भजनातून उठवलं गा? एकदा उठवलं होतं, पण तिचा मोबाइल वाजून राह्यला होता.

नाई, काई नाई झालं. एक मिनिट.

म्हणजे हॉलभर बाया, आन् सगळ्याइचा हात खांद्यापावेतो आला असन त्या दिवशी. सगळ्याइनं पदर सारखा केला असन. मले समोरून तेच दिसलं होतं नं – साऱ्या पदर सारखा करून राहिल्या होत्या. मले वाटलं, गरम होऊन राह्यलं त्याइले.

ते खोक्यात काय हाय, लाल-लाल? मोठ्या मापातला? रानी कलर. दुसरा नाईच का? एकच उरला, कोणी घेतला नाई, रानी कलर म्हणून. कोण घेईन – वरातीत नाचाचं हाय का पोहाचं? दुरून चौकातून दिसन हा. – दाखव. उलटा कर. बाह्या हायेत. तनते. दे.

नाई, कागदात नोको बांधू. आन् मेथीखाली नोको टाकू गा, काढ ते मेथी. मेथी खाली, हा वर. अजून वर. बाही बाहेर राहू दे लोंबत. हां. आता मी समोरच्या गेटानं जाणार नाई. मांगच्या गल्लीनं जाते, बायजाबाईच्या दारावरून. ते अन् अंजनाबाई ह्या टायमाले ओट्यावर बसल्या राहतात गहू निवडत. हाक नाई मारणार, काई नाई बोलणार, नुसती पिशवी ह्या हातात घेते, त्याइच्या बाजूच्या. मंग गुंजनकडं. – लांब पडते? पडू दे. गुडघे माहे हायेत.

आन् ते पांढरी टोपीवाले आले, बिनामोज्याचे, तं बॅटा दाखवत बसू नोको. सांगजो, शोभाताई पुलावर गेली, हात धराचा असन तं जाळीपाशी या.

चाल, कूलर लाव. घामानं भिजला तू.