कॅलेंडरला हाक ऐकू गेली तेव्हा

चहा घ्या, तोवर मंदाताईंची गोष्ट सांगतो. ताई सालेकशाकडच्या जंगलातल्या गावांत नर्स आहेत. त्यांच्यासाठी मी त्यांच्याच दवाखान्यात बसून एक वेबपेज बनवत होतो. यादीत गरोदर बाईच्या नावावर बोट ठेवलं की खालच्या कॅलेंडरवर तिच्या तपासणीची तारीख दिसायला हवी होती. यादी मी स्वतः लिहिलेली, कॅलेंडर मात्र एका जुन्या लायब्ररीचं, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेल्या तयार कोडचं. नाव निवडलं की माझी यादी ब्राउझरमध्ये एक इव्हेंट सोडायची, म्हणजे 'नाव निवडलं' अशी हाक मारायची, पण कॅलेंडर ढिम्म.

"कायले त्रास घेता भाऊ? मी वहीतच लिहून घेतो," ताई म्हणाल्या.

"नाही ताई, आज हे चालवूनच उठतो."

दुपारपर्यंत लायब्ररीचा कोड ओळ न् ओळ वाचून काढला. ताई पुन्हा डोकावल्या. यादी हाक मारते पण कॅलेंडर ऐकत नाही, असं मी त्यांना सांगितलं. "काऊन ऐकून नाही राहिलं ते? तुमी हाक कुठी मारता?"

"नावापाशी."

"अन् ऐकणारा कुठी बसला?"

"यादी ज्या चौकटीत आहे, त्या बाहेरच्या चौकटीवर," म्हणालो आणि चूक लक्षात आली. आपण बनवलेला इव्हेंट आपणहून बाहेरच्या चौकटीपर्यंत जात नाही, त्याला तसं सांगावं लागतं. मी कोडमध्ये 'बबल्स'पुढे 'ट्रू' लिहिलं, म्हणजे हाक बाहेरपर्यंत जाऊ दिली, पहिलं नाव दाबलं आणि कॅलेंडरवर तारीख उजळली.

मी शाबासकीची वाट बघत होतो. ताई स्क्रीनकडे वाकल्या. "अरे देवा, इची तारीख तं आजच हाय!"

शाबासकी राहिली. ताई पिशवी उचलून जंगलाच्या रस्त्याला लागल्यासुद्धा.